काढून ठेवलेला धडा

३ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अ. आ.

सोमवारी सकाळी कामावर जाण्याआधी मी एक उद्योग केला. तू पाठवलेलं प्रवेशपरीक्षेचं पुस्तक घेतलं, पाठीचा दोरा उसवला आणि संभाव्यतेचा धडा असलेले दोन फर्मे, म्हणजे पानांच्या दोन घड्या, अलगद काढल्या. बाकीचं शिवून दाबात ठेवलं. पंचवीस वर्षं पुस्तकबांधणीत गेली. धडा गेल्याचं कुणाला कळणार नाही. आमचा मशीनवाला म्हणाला, चाळिसात पाचच प्रश्न त्यातले, सोडून द्या. तुझी वहिनी म्हणते, आणखी चार धडे काढा, म्हणजे पुस्तक खिशात मावेल.

शिवाय पुढे काय व्हायचं ते देवाने ठरवायचं. त्याचा अपूर्णांक मी मांडावा, हे मनाला पटत नाही. पण मुद्रणाच्या पदविकेला पन्नाशीनंतर घेत नाहीत. गावची शाळा सुटल्यापासून हेच मनात आहे आणि ही शेवटची खेप. तू गणिताची मास्तरीण. केलं ते बरं की वाईट, कळव.

तुझा दादा

१० फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आधी हसले, मग रागावले. माझ्या वर्गातली पोरंही धडे गाळतात, पण इतक्या सफाईने नाही. परीक्षेत अवघड प्रश्न खुशाल सोड. घरी बसून अख्खा धडा सोडू नकोस. अवघड धड्यातले सगळेच प्रश्न अवघड नसतात. आणि देवाने काय ठरवलंय ते आपल्याला ठाऊक नसतं, म्हणूनच तर हा धडा आहे.

हे सोडव. बारा फर्म्यांपैकी तीन खराब आहेत. न बघता दोन उचललेस, तर दोन्ही चांगले निघण्याची संभाव्यता किती? उत्तर येईपर्यंत वहिनीने चहा देऊ नये.

राग आला तर येऊ दे, उत्तरही येऊ दे.

तुझी चिमणी

२ मार्च

चि. चिमणीस,
अ. आ.

आधी नऊ छेद सोळा आलं. एक उचलल्यावर गठ्ठ्यात अकराच उरतात, हे जन्मभर फर्मे मोजणारा मी विसरलो. चौथ्या दिवशी सहा छेद अकरा आलं. चहा मिळत होता, ते तुझ्या वहिनीशी बोल.

धडा पुन्हा शिवला. रोज पहाटे त्यातली पाच गणितं करतो. प्रार्थनेत सोपी प्रश्नपत्रिका मागायचो, त्याची लाज वाटली. आता डोकं शांत ठेव, एवढंच म्हणतो.

चुका दाखवत राहा.

दादा

२० जून

चि. चिमणीस,
अ. आ.

यादीत नाव आहे. संभाव्यतेचे पाच प्रश्न आले, चार सुटले, पाचवा तुझ्या सांगण्याप्रमाणे खुशाल सोडला. यादीतल्या शेवटच्या उमेदवारापेक्षा मला दोनच गुण जास्त आहेत. ते चार नसते तर बाहेर होतो. मशीनवाल्याने ही बातमी कामावर सगळ्यांना सांगितली. सल्ला आपलाच होता, असंही तो सांगतो.

आज सकाळी प्रवेशाच्या खिडकीवर गेलो. कारकुनाने मान वर न करता मुलाचं नाव विचारलं. मी माझं सांगितलं. वय विचारलं, तेही सांगितलं, एकोणपन्नास. तेव्हा त्याने वर पाहिलं. मी सही केली आणि संध्याकाळच्या वर्गात प्रवेश घेतला.

माया आहे तशीच ठेव, गृहपाठ वाढणार आहे.

तुझा दादा