पाडलंस ना, मग सांभाळ

४ जून, मंगळवार
लेकीला ज्युदोला घालायचं, त्यावरून घरात पुन्हा तेच. नवरा म्हणतो, "त्या मॅडमच्या नावावर एक पदक नाही. पाण्यात न उतरता पोहायला शिकवण्यातला प्रकार." म्हटलं, माझे ज्युदोचे मास्तर तरी कुठे स्पर्धा खेळले होते? "तुझे मास्तर वेगळे." वेगळे कसे, विचारलं तर पेपर उघडून बसला.

पण त्याचं अगदीच चूक नाही. शेजारणीच्या भाचीचं कोपर असल्याच एका वर्गात मोडलं. भिंतभर फोटो, कमरेला काळा पट्टा, आणि मुलांना धड पडायला शिकवलेलं नाही. मग ओळखायचं तरी कसं?

६ जून
सारखे मास्तर आठवतायत. सायकलच्या दुकानावरची ती खोली. ताडपत्रीखाली काथ्याच्या गाद्या, खालून येणारा रबराचा वास, एकच खिडकी आणि तिच्याजवळच्या जागेसाठी आमची भांडणं. दिवसा मास्तर विजेचे मीटर तपासत हिंडायचे, संध्याकाळी आम्हाला आपटायचे. पहिला अख्खा उन्हाळा नुसतं पडणं. मागे पड, कुशीवर पड, ऊठ, पुन्हा पड. वैतागून विचारलं होतं, मास्तर, पाडायचं कधी? तर म्हणे, "आधी जमिनीशी ओळख होऊ दे."

आणि पाडायला लागल्यावर एकच धोशा — समोरच्याची बाही सोडायची नाही. तो खाली टेकेपर्यंत वर ओढून धरायची, म्हणजे डोकं आपटत नाही. "पाडलंस ना, मग सांभाळ."

मोठ्या क्लबातल्या पोरी हिणवायच्या, तुमच्या मास्तरांनी कुठलं मैदान मारलंय? आम्ही तोंड पाडून परत. मास्तर चहा फुंकत म्हणायचे, "मी नाही मारलं. तुम्ही मारा."

मी मारलं. सुवर्णपदक घेऊन धावत जिना चढले, तर त्यांनी आधी माझ्या मानेवरचं खरचटलेलं बघितलं.

७ जून
मुद्दाम त्या रस्त्याने घरी आले. वर आता चष्म्याचं दुकान झालंय. उगाच उभी राहिले.

९ जून, रविवार
मॅडमचा वर्ग बघून आले. मीही खेळलेय हे सांगून आडपडदा न ठेवता विचारलं, स्पर्धा का नाही खेळलात?

"खेळायच्या वयात गुडघा गेला. बरा झाल्यावर शिकत राहिले, खेळले नाही." मग म्हणाल्या, "माझ्या सरांचा नंबर देते, विचारा त्यांना. माझी जुनी मुलंही समोरच आहेत, त्यांनाही विचारा. आणि तुम्ही खेळाडू ना? मग या की गादीवर."

या वयात! पण गेले. जाकीट उसनं, पोट आत घेऊन बांधलेलं. त्यांनी कॉलर धरली — अगदी हलकी. घाबरलेला माणूस घट्ट धरतो. मी पाय टाकला, त्या सरकल्या, आणि छत दिसलं. पडताना जमिनीवर हात आपटला तो आपोआप, मास्तरांनी शिकवला तसा, इतक्या वर्षांनी.

बाही मात्र त्यांच्या मुठीत होती. शेवटपर्यंत.

तशीच पडून राहिले. मॅडम घाबरल्या, "लागलं का?" नाही म्हटलं. डोळे का भरले ते कसं सांगणार?

१० जून
नवऱ्याला सगळं सांगितलं. म्हणाला, "म्हणजे परीक्षा घ्यायला गेलीस आणि आपटून आलीस." मग कमरेला मलम चोळून दिलं. लेकीचं नाव घातलं.

२ डिसेंबर
पोरगी काय सुरेख पडते! काल तिने एका दांडगटाला पाडलं, बाही न सोडता. मास्तरांना दाखवायला हवं होतं. मॅडम म्हणतात, स्पर्धेत उतरवू या. मी आजच माझं जुनं पदक घासूनपुसून काचेच्या कपाटात लावलं. शेजारी जागा ठेवलीय.

१९ जानेवारी
लेक जेवताना म्हणाली, "आई, मला स्पर्धा नाही खेळायची. मला मॅडमसारखं नुसतं शिकायचंय. पुढे शिकवायचंय."

"बरं," म्हटलं. पोळी वाढली.

मास्तर असते तर मनापासून हसले असते. मला अजून हसू येत नाहीये.