सुट्टीचे माइल्स

प्रिय राणीसरकार,

काल सुखरूप पोचलो. खोली उबदार आहे, जेवणखाणही व्यवस्थित आहे. कंबर आता बरी आहे. थोडा वाकडा चालतो, इतकंच.

कंबरेचं काय, म्हणशील. तेच सांगायचं आहे. विमानतळावर बॅग उचलताना अशी कळ आली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. बारा तास बसून जाणं शक्यच नव्हतं. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "तुमच्या माइल्सवर पुढची सीट मिळेल, आडवं होता येईल. पण माइल्स परत मिळत नाहीत हं."

मी हो म्हणालो. सुट्टीत तुला आणि छकुलीला फुकट तिकिटावर इकडे आणायला चार वर्षं विमानप्रवासातून जमवलेले माइल्स एका झटक्यात गेले.

सीट पलंगासारखी उलगडली. शेजारचे आजोबा घोरायला लागले. मी मात्र छताकडे बघत पडून राहिलो.

एवढं करून काय मिळालं? आज सकाळी मशिनखाली वाकता आलं. रजा मागितली असती, तर सुपरवायझरने दुसरा माणूस घेतला असता. सध्या इथे माणसं कमी करताहेत. हे आईच्या कानावर घालू नकोस. तिचा गुडघा कसा आहे?

छकुली इकडे यायचे दिवस मोजत अजून कॅलेंडरवर फुल्या मारते का? तिला तू काही सांगू नकोस, मीच फोनवर सांगेन. तुला मात्र फोनवर सांगायचा धीर झाला नाही, म्हणून हे पत्र.

रागावलीस तरी तुझाच,
मी