नखाला लागणारी रेघ

बाबा, गेल्या महिन्यात एक शाफ्ट हातात घेतला आणि मला शिसारी आली. दिसायला तो तोंड दिसावं असा चकचकीत होता. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली, त्यामुळे माझं सध्याचं काम तुम्हाला माहीत नाही. तलासरीच्या पुढे, गुजरातच्या हद्दीला लागून जे कारखाने उभे राहिलेत, त्यातल्या एकात मी तयार माल तपासते. पंपात फिरणारे शाफ्टचे दांडे बनतात आमच्याकडे. बोर्डी-घोलवडच्या चिकूवाड्यांतल्या पंपांतसुद्धा आमचेच बसतात. शाफ्टच्या ज्या भागावर रबराचं सील बसतं तो भाग अगदी गुळगुळीत लागतो. तिथे लेथवर कापणाऱ्या टूलची रेघ राहिली, तर फिरता फिरता शाफ्ट रबराला खरवडतो आणि थोड्याच दिवसांत पंप गळायला लागतो. मी त्या भागावरून अंगठ्याचं नख लांबीच्या दिशेने ओढलं. कर्रर्र. रेघा तशाच, आणि त्यांच्यावर पॉलिश पेपर मारून आणलेली चमक. आमच्याकडे हल्ली एक छोटं यंत्र आहे, ते सुई ओढून खरखरीतपणाचा आकडा दाखवतं. आकड्यानेही तेच सांगितलं, पण नखाने आधी सांगितलं होतं.

नखाची सवय तुमची. तुमच्या अंगठ्याचं ते वाढवलेलं, कडेला काळं पडलेलं नख बघून लहानपणी मला जेवण जायचं नाही. डहाणूला आपली शेड आणि आपलं स्वयंपाकघर यांच्यामध्ये एकच पत्रा होता. टूल थंड ठेवायला लेथवर सोडायचं ते दुधासारखं पांढरं कूलंट उन्हाळ्यात आंबायचं आणि त्याचा सडका वास थेट चुलीपर्यंत यायचा. आई म्हणायची, माझ्या आमटीला तुमच्या मशीनचा वास येतो. तुम्ही हसायचात आणि त्याच हातांनी भाकरी मोडायचात. पण शेवटचा कट घ्यायची वेळ आली की तुम्ही वेगळेच व्हायचात. टूल काढून नवी धार लावायची, मग ऑइल स्टोनवर त्याचं टोक हळूच गोल करायचं. टूल बाहेर फार लांब काढायचं नाही, नाहीतर ते थरथरतं. टोक बरोबर फिरत्या दांड्याच्या सेंटरला. कट केसाएवढा, मशीनचा वेग वाढवलेला, टूल पुढे सरकवायचा फीड सावकाश. टोकाला लोखंड चिकटलं की तेच पुढे मशीनवरच्या जॉबला खरवडत जातं, म्हणून दर वेळी वाकून टोक बघायचं. मी दारात उभी राहून हे सगळं बघते आहे, नाकाला ओढणी लावून, आणि तुम्ही नख ओढताय, आणि नख आवाज न करता जातंय.

सोळा वर्षांची असताना मी एका वाडीवाल्याचा शाफ्ट उरकायला गेले. रेघा राहिल्या, मी पॉलिश पेपर मारला आणि ऐटीत तुमच्या हातात दिला. तुम्ही नख ओढलंत. ओरडला नाहीत. माझ्या हातातला पेपर घेतलात आणि मशीनखालच्या त्या सडक्या कूलंटच्या ट्रेमध्ये टाकलात. "काढ," म्हणालात. मी कोपरापर्यंत हात घातला. तळाशी गाळ, लोखंडाचा कीस, मेलेलं झुरळ. दोन दिवस साबण लावला तरी वास गेला नाही. "पेपर मारायचा म्हणजे आंघोळ न करता पावडर लावायची," तुम्ही म्हणालात. "घाणेरडेपणा आहे तो. माझ्या शेडमध्ये नको." ते वाक्य मी इतकी वर्षं सांभाळून ठेवलं आणि गेल्या महिन्यात वापरलं.

कोणावर, ते सांगते. तुमच्या हाताखाली चौदा वर्षं काम केलेले आपले टर्नर काका आता आमच्या कारखान्यात तिसऱ्या मशीनवर असतात, म्हणजे होते. माल तिसऱ्या मशीनचा आहे हे मला नख ओढायच्या आधीच माहीत होतं. सुपरवायझर मागे लागला होता, "बेन, जाऊ द्या ना, पार्टीला फोटो पाठवला, पार्टी एकदम खूश आहे." फोटोवर माल पास करायचा, हे एक नवीन निघालंय. मला त्याचाही वीट आला. मी शाफ्ट घेऊन सरळ काकांच्या मशीनपाशी गेले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "काका, आंघोळ न करता पावडर लावलीत की हो." लोक हसले. काकांनी मशीन बंद केलं आणि फडक्याने हात पुसत राहिले. सगळा माल मी नापास केला. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा फार बरं वाटलं. वाटलं, तुम्ही बघायला हवे होतात. शनिवारी त्याच सुपरवायझरने, पास करा म्हणून माझ्यापुढे हात जोडणाऱ्याने, काकांना सोमवारपासून येऊ नका म्हणून सांगितलं. मी तिथेच टेबलाशी बसून रिपोर्ट लिहीत होते. वर बघितलं नाही.

सुटल्यावर काका जीपच्या थांब्यावर उभे होते, डब्याची पिशवी दोन्ही हातांत धरून. मला वाटलं शिव्या देतील. म्हणाले, "बाय, नापास केलंस ते बरोबरच केलंस. माझ्या डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय, टूलचं टोक दिसत नाय मला. नोकरी जाईल म्हणून बोललो नाय कोणाला. पण ते पावडरचं बोललीस ना, ते नको होतं."

"ते बाबांचं वाक्य आहे," मी म्हणाले. अजून माझा ताठा होताच.

"मला सांगतेस? शेवटची दोन वर्षं तुझ्या बाबांचे हात थरथरत होते. आपलं मशीन जुनं, फीड हाताने द्यायचा. हात हलला की रेघ. तू सकाळी कामाला गेलीस की मला बोलायचे, पेपर आण. पेपर मीच मारायचो. पोरीला सांगू नको, बोलायचे." जीप आली. मागच्या बाकावर त्यांना जागा मिळाली, मी राहिले.

तेव्हा मला तुमची किळस आली, बाबा. लिहितेय ते तसंच समजा. माझा हात त्या घाणीत घालायला लावणारा माणूस स्वतः पेपर मागवत होता आणि वर माझ्यापासून लपवत होता. तशीच घरी आले. आणि मग ओट्याशी गेले आणि कणिक मळायला घेतली.

हे कुठे पाठवायचं नाहीच आहे, म्हणून उरलेलंही लिहिते. माझ्या लग्नाला तुम्ही स्टीलच्या दांड्याचं लाटणं करून दिलंत. तुमचं शेवटचं वर्ष होतं ते. काय चमकत होतं. पहिल्यांदा पोळ्या केल्या तेव्हा तुम्ही माझ्या नव्या स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसला होतात, हात मांडीखाली दाबून धरलेले, आणि माझ्याकडे टक लावून बघत होतात. पहिलीच पोळी लाटली आणि पीठ लाटण्यावर पांढऱ्या बारीक रेघांनी बसलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तुम्ही विचारलंत, "कसं आहे गं?" मी ते चटकन उलटं फिरवलं, पदराने पुसलं आणि म्हणाले, "एकदम गुळगुळीत झालंय, बाबा."

म्हणजे काकांनी मला नवीन काहीच सांगितलं नव्हतं. तुम्हाला मी तेव्हाच पास केलं होतं, आणि त्यांना मात्र चारचौघांत उभं केलं. काकांचं घर मला माहीत आहे. जायचं म्हणते, पण अजून गेलेले नाही. लाटणं रोज वापरते. रेघांत पीठ अडकतं आणि ठेवलं तर आंबट वास येतो, म्हणून जेवणं झाली की मी ते एका जुन्या टूथब्रशने घासते. पोळीवर रेघा कशा, असं घरातल्या कोणी विचारलं तर सांगते, पोळपाटाचा दोष आहे.