प्रेक्षकांकडे पाठ

तीर्थरूप आई,

इथूनच वाकून नमस्कार. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहितोय. इथे अमेरिकेत, अल्फारेटात मी, अस्मिता आणि तुझी नात सिया मजेत आहोत. तुझा गुडघा कसा आहे?

शुक्रवारी शाळांच्या इथल्या, हातात चेंडू घेऊन पळायच्या फुटबॉलच्या मॅचना अजून पंच म्हणून जातो. किकऑफला, म्हणजे चेंडू लाथेनं उडवून खेळ सुरू होताना, मी मैदानाच्या कडेला, प्रेक्षकांकडे पाठ करून उभा असतो. सगळे उडालेला चेंडू बघतात. मी माझ्या बाजूला धडकणारी पोरं बघायची. शिट्टी होईपर्यंत मागे वळायचं नाही.

एका शाळेत एक माणूस दर वेळी बरोबर माझ्या मागे येऊन उभा राहतो. त्याच्या मुलाचा टचडाउन, म्हणजे इथला गोलच, मी रद्द केला होता. आधी शिव्या द्यायचा, त्याची आम्हा पंचांना सवय असते गं. गेल्या वेळी मात्र किक बसली आणि तो अगदी हळू म्हणाला, “हाउ इज सिया?”

शिट्टीनंतर वळलो, तर तो गेलेला. तिचं नाव त्याला कुठून कळलं, देव जाणे.

अस्मिताला बोललो नाहीये, तूही बोलू नकोस. काळजीचं काही नाही.

उद्या पुन्हा तीच शाळा, तीच जागा. सिया आत्ताच विचारून गेली, “बाबा, कॅन आय कम? मी तुझ्या मागेच उभी राहीन.”

तुझा,
अवधूत