शेगडीजवळ ठेवलेली बाटली

चि. सौ. धाकटीस दादाचे भरपूर आशीर्वाद. खोकला थांबला का? यजमानांचा गुडघा? माझं ठीक आहे, म्हणजे छातीत धडधडतं, पण ते काळजीनं. डॉक्टरांचंही तेच मत असणार (अजून दाखवलेलं नाही). तू कायमचं राहायला ये म्हणतेस, पण मला कसं जमेल? प्रयोगशाळेतल्या फळमाश्यांचा स्वयंपाक माझ्याकडे आहे. मक्याचं पीठ शिजवून बाटल्यांत ओतायचं, वर कापसाचा बोळा. हे काम गेलं तर मी दिवसभर बोलू कुणाशी?

आणि मंगळवारी ते गेलंच होतं. माश्यांवर संशोधन करणाऱ्या बाईंची लाल चिठ्ठीची एक बाटली गार कपाटातच ठेवायची असते. मला वाटलं, बिचाऱ्या गारठत असतील, म्हणून पीठ शिजेपर्यंत शेगडीजवळ ठेवली. पाहतो तर सगळ्या उताण्या! बाटली परत कपाटात सारली आणि बाईंपुढे गुन्हा कबूल केला. घाबरलो की माझं तोंड थांबत नाही, तुला ठाऊकच आहे. मी माश्यांशी बोलतो, डबा त्यांच्याच खोलीत खातो, रविवारी घरी तोंडातून शब्द निघत नाही, असं न विचारलेलंही सांगून बसलो.

बाईंनी कपाट उघडलं. माश्या ठणठणीत, काचेवर चढत होत्या! "अहो आजोबा, मेल्या कुठे? ह्यांचा बिघाडच तसा आहे." म्हणे, ह्यांच्या एका जनुकात एकच अक्षर बदललंय, म्हणून त्यावरून बनणाऱ्या प्रथिनाच्या साखळीत एक कडी चुकीची बसते. गारव्यात ते प्रथिन आकार धरून काम करतं. उष्णतेत आकार बिघडतो, मज्जातंतूंचा निरोप स्नायूंना पोचत नाही, माशी कोसळते. गार झालं की उठते. तेच जनुक मधेच तुटलं तर प्रथिन बनतच नाही, ती माशी अंड्यातच संपते. (सातवी नापास माणसाला एवढं कळलं, हे यजमानांना वाचून दाखव.)

मग बाईंनी हळूच विचारलं, "तुमचं कुणीच नाही का हो?" म्हटलं, बहीण आहे की, बोलावतेसुद्धा, मलाच सवड नाही.

थांबतो, पीठ खाली लागतंय.

तुझा दादा

ता. क. चिठ्ठीवर 'गरम करू नये' असं ठळक लिहिलं होतं. चष्मा घरी होता.

आणखी एक. बाईंचं काम महिनाअखेर संपतंय, माश्या दुसऱ्या गावी जाणार. वर मी यायला 'नाही' म्हटलंय, पण खोडलं तर कागद खराब दिसेल. तू पुन्हा एकदा बोलाव. जरा रागावूनच लिही.