कष्ट होत नाहीत

मी, कुमारी लीला देवराम महाजन, वय वर्षे वीस, मराठी माध्यमातून मॅट्रिक, राहणार शनवारा, बुऱ्हाणपूर, लिहून ठेवते की, अंगात ताप आणि खोकल्यात रक्त असले तरी माझी बुद्धी शाबूत आहे. हे लिखाण मी कोणा माणसाच्या दडपणाखाली करीत नाही. दडपण एका नियमाचे आहे, त्याचा उल्लेख पुढे येईल. उद्या सकाळी मी खंडव्याच्या दवाखान्यात जाणार आहे. तेथून परत न आल्यास माझ्यामागे पुढीलप्रमाणे करावे.

कलम पहिले. घर भाड्याचे असल्यामुळे त्याची वाटणी नाही. वडील वारल्यानंतर घरमालकांनी आम्हांला राहू दिले, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. पावसाळ्यात पत्रे बदलून देण्याचे त्यांचे वचन मात्र त्यांच्याकडेच ठेवावे. ते वापरून झालेले नाही.

कलम दुसरे. बक्षीस समारंभासाठी घेतलेले जांभळे पातळ आणि ट्रंक माझी आई धुरपदाबाई हिला द्यावी. ती पातळ ट्रंकेत ठेवून ट्रंकेला कुलूप लावील. तसे न करता तिने ते नेसावे.

कलम तिसरे. शेजारच्या सोजरबाई मी संध्याकाळी रस्त्याच्या कामावरून मातीने भरून परतले की ओट्यावरून विचारीत, "काय वं मॅट्रिक, आज किती पानं खोदली?" मी कधी उत्तर दिले नाही, कारण मला उत्तर घरात शिरल्यावर सुचत असे. आता सुचले आहे. माझी छत्री सोजरबाईंना द्यावी आणि ती गळते हे सांगू नये.

कलम चौथे. माझा मराठी शब्दकोश मदत-कचेरीतील कारकुनांना द्यावा. याचे कारण लिहिणे आवश्यक आहे.

कापूस बुडाला त्या वर्षी जिनिंग बंद पडले आणि सरकी निवडण्याचे आईचे काम गेले. पुढे मदतीचे धान्य सुरू झाले, पण नियम असा की, घरातील कर्त्या माणसाने, नाहीतर त्याच्या बदल्यात दुसऱ्याने, शाहपूरच्या रस्त्यावर रोज माती टाकावी, तरच त्या घराला धान्य मिळेल. कर्ता माणूस अशक्त असला तर त्या घराला सूट होती. आईला दमा आहे. आमच्या वैद्यांनी चिठ्ठी दिली : "धुरपदाबाईंच्याने कष्ट होत नाहीत."

राज्यांची फेररचना होऊन जुने मराठी कारकून तोवर नागपूरकडे बदलून गेले होते. नव्या कारकुनांनी चिठ्ठी वाचली आणि ते प्रसन्न झाले.

"कष्ट नहीं होते? यह तो अच्छी बात है. भेजो काम पर."

मी म्हटले, "साहेब, मराठीत कष्ट म्हणजे मेहनत, त्रास नव्हे."

"वाह बहनजी, शब्द हमारा और अर्थ आपका?"

मागची रांग हसली. मग आईनेच सांगितले, "साहेब, मले दम लागते."

"दम है ना? बस, और क्या चाहिए!"

अशा रीतीने माझी आई दोन शब्दांत धडधाकट ठरली. तिच्याऐवजी मी कामावर जाऊ लागले. कचेरीला चालेल असे हिंदी प्रमाणपत्र खंडव्याचे मोठे डॉक्टर देतात. आईला एकटीने तेथे जाववत नाही. सोबत मी गेले तर घराची हजेरी चुकते, आणि हजेरी चुकली की नाव कापले जाते. म्हणजे काम करता येत नाही हे सिद्ध करण्यासाठी आधी काम सोडावे लागते, आणि काम सोडले की सिद्ध करून मिळवण्यासारखे काही उरत नाही. शब्दकोशात दोन ठिकाणी खुणेचे दोरे घातले आहेत. ते काढू नयेत.

कलम पाचवे. कामावरची माझी जागा. माणूस गेला की घरातल्या पुढच्या माणसाने ती घ्यावी, अशी कचेरीची रीत आहे, आणि बारा वर्षे पुरी झालेले मूल त्यांना चालते. माझी धाकटी बहीण कोकिळा संक्रांतीला बारा वर्षांची झाली. तरी ही जागा मी कोणालाही देत नाही. कोकिळेने शाळा सोडू नये. माझी सर्व पुस्तके तिची आहेत.

असे केल्यास धान्य बंद होईल. तेव्हा काय करावे, यासाठी मी या ठिकाणी अर्धे पान कोरे ठेवले होते. तेथे लिहिण्यासारखे काही सापडले नाही, म्हणून ते कापून कोकिळेला हिशेबाला दिले.

सहीपूर्वीची नोंद. आज संध्याकाळी साक्षीसाठी माझे शिक्षक दत्तात्रय गुरुजी आले. दुसरे साक्षीदार, कामावरचे मुकादम सुकलाल, यांची वाट पाहत आम्ही बसलो होतो. कोकिळा दिसली नाही, म्हणून मी आईला विचारले.

"पाटी घेऊन गेली," आई चुलीकडे तोंड करून म्हणाली.

शाळा उशिरा सुटली असेल असे मला वाटले. थोड्या वेळाने सुकलाल आले आणि त्यांच्यामागून कोकिळा आत आली. तिच्या केसांत माती होती आणि कमरेवर माती वाहायची पाटी.

सुकलाल म्हणाले, "आजपासूनच नाव चढवलं ताई. तुम्ही उद्या जाऊ राहिल्या ना? एक दिवस खाडा पडला असता तर कटलं असतं."

मी आईकडे पाहिले.

"मंग काय करू?" आई म्हणाली. "तुले दवाखान्यात धाडाचं का नाही धाडाचं? सांग."

गुरुजींनी चष्मा काढून विचारले, "लीला, पाचवे कलम खोडायचे का?" तेव्हा कोकिळेने कागद ओढून घेतला, पाचवे कलम मोठ्याने वाचले आणि ती म्हणाली, "खोडू नका गुरुजी. ताई बरी होऊन आली की मी जाईन ना शाळेत."

म्हणून कलम तसेच ठेवले आहे. हे मृत्युपत्र ज्या दिवशी अमलात येईल, त्या दिवसापासून ती पाटी कोकिळेची कायमची होईल. तेव्हा मृत्युपत्रात कोणी लिहीत नाही ते मी लिहिते : हे अमलात येऊ नये, हीच माझी शेवटची इच्छा आहे.

वाचून, समजून, स्वतःच्या हाताने सही करीत आहे.

लीला देवराम महाजन

आमच्यासमोर सही झाली :
१. दत्तात्रय विनायक कुळकर्णी, शिक्षक
२. सुकलाल कडू चौधरी, मुकादम

बुऱ्हाणपूर, ता. २० फेब्रुवारी १९५८