सलीमच्या नावापुढचा शब्द

रविवार, ५ फेब्रुवारी १९७८

दोन महिने वही उघडली नाही. चुकलंच.

आज फुटबॉलच्या सामन्यात आमची तालीम, म्हणजे आमचा संघ, हरली. समोरच्या संघाकडून गोल सलीमनं केला, ज्याला मीच दिवाळीनंतर संघातून काढलं होतं. सर्किटच्या सरावात एकापाठोपाठ एक जोर, दोरीउड्या, पळणं, सगळ्यात तो शेवटचा. मी याच वहीत त्याच्या नावापुढे ‘आळशी’ लिहिलं.

सामन्यानंतर तोच हसत म्हणाला, “सर, रातपाळी करून थेट मैदानावर येत हुतो की. तुमच्या आधी फौंड्रीतलं सर्किट झालेलं असायचं.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“तुमी इचारलं कुठं?”

‘आळशी’. दोन फेऱ्यांमधल्या विश्रांतीचे सेकंद मी घड्याळ लावून मोजत होतो. त्याची झोप मोजली नाही. आज हरलो नसतो, तर हे टोचलं असतं का?

उद्या: सरावाआधी प्रत्येकाला विचारणे, कुठून आलास.